मृत्यूंची मोजणी आणि उत्तरदायित्व : जन्मजात हृदयदोषांवरील शस्त्रक्रियांच्या गुणवत्तामापनाचा इतिहास

सारांश

जन्मजात हृदयदोष असलेल्या बालकांवरील शस्त्रक्रियांचे यशापयश कसे मोजावे, हा प्रश्न वरकरणी केवळ वैद्यकशास्त्राचा किंवा संख्याशास्त्राचा वाटतो. प्रस्तुत निबंधात तो संस्थांच्या इतिहासाचा प्रश्न म्हणून मांडला आहे. एकोणिसाव्या शतकातील लंडनमधील वादापासून ब्रिस्टल (१९८४-१९९५) व लीड्स (२०१३) या प्रकरणांपर्यंतचा आढावा घेऊन असे प्रतिपादन केले आहे की, आकडेवारीची उपलब्धता म्हणजे गुणवत्तेचे मापन नव्हे. आकडा वाचण्याची, पडताळण्याची व त्यावर कृती करण्याची जबाबदारी निश्चित झाली, तरच मोजणीला अर्थ प्राप्त होतो.

बीजसंज्ञा : जन्मजात हृदयदोष, मृत्युदर, जोखीम-समायोजन, ब्रिस्टल चौकशी, उत्तरदायित्व.

प्रास्ताविक

जिवंत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे आठ ते नऊ बालकांच्या हृदयाच्या रचनेत जन्मतःच काही ना काही दोष असतो. त्यांपैकी काही दोष आपोआप बरे होतात, काहींवर पुढे कधीतरी उपचार करावे लागतात, तर काहींच्या बाबतीत जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत वा आठवड्यांतच शस्त्रक्रिया करणे अपरिहार्य ठरते. अशा वेळी आईवडिलांसमोर एकच प्रश्न उभा असतो : या रुग्णालयात आमचे मूल वाचेल काय? हा प्रश्न जितका साधा, तितके त्याचे प्रामाणिक उत्तर कठीण आहे. 'आमच्याकडे शंभरातील इतकी मुले वाचतात' असे सांगणाऱ्याने ही शंभर मुले कोणती, त्यांचे दोष किती गंभीर होते, त्यांची गणना किती दिवसांपर्यंत केली आणि घरी गेल्यानंतर मरण पावलेल्यांची नोंद कोणी ठेवली, याचाही खुलासा करावयास हवा.

या खुलाशाची परंपरा कशी निर्माण झाली, याचा शोध घेणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे. निबंधाची मांडणी चौकशी अहवाल व वैद्यकीय नियतकालिकांतून प्रकाशित झालेल्या अभ्यासांवर आधारलेली आहे. शस्त्रक्रियांच्या तांत्रिक बाजूचे विवेचन आवश्यक तेवढेच केले असून भर आहे तो मोजणीच्या इतिहासावर. या इतिहासातील निर्णायक घटना प्रामुख्याने इंग्लंड व अमेरिकेत घडल्या. त्यामुळे विवेचनाचे क्षेत्रही बव्हंशी तेच आहे.

१. छेदाचा प्रश्न : पूर्वपीठिका

रुग्णालयांची तुलना मृत्युदराच्या आधारे करण्याचा प्रयत्न हृदयशस्त्रक्रियेच्या जन्मापूर्वीच सुरू झाला होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या रुग्णालयविषयक ग्रंथाची तिसरी आवृत्ती इ. स. १८६३ मध्ये प्रसिद्ध झाली. संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी सिद्ध केलेल्या कोष्टकाच्या आधारे त्यांनी १८६१ या वर्षातील लंडनच्या २४ रुग्णालयांचा मृत्युदर ९०.८४ टक्के असल्याचे दाखविले. या आकड्याने मोठी खळबळ उडाली. तो काढण्याची रीत अशी होती : वर्षभरात झालेले मृत्यू अंशस्थानी घेतले आणि छेदस्थानी मात्र जनगणनेच्या एका दिवशी रुग्णालयांत असलेल्या रुग्णांची संख्या ठेवली. वर्षभरात दाखल झालेल्या सर्व रुग्णांच्या संख्येने भागले असते, तर हे प्रमाण कितीतरी पटींनी खाली आले असते. तत्कालीन डॉक्टरांनी त्यावर कडाडून टीका केली. कोणते रुग्णालय अत्यवस्थ रुग्णांना दाखल करून घेते आणि कोणते त्यांना नाकारते, याचा विचार या आकड्यात नाही, असा आक्षेपही त्यांनी घेतला.

हा वाद आज केवळ कुतूहलाचा विषय वाटेल. परंतु पुढील दीडशे वर्षांत उपस्थित झालेले दोन मूलभूत प्रश्न त्यात स्पष्टपणे आढळतात. पहिला छेदाचा : कोणाला मोजायचे? दुसरा रुग्णांच्या मिश्रणाचा : सारख्याची तुलना सारख्याशी होत आहे काय?

तिसरा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी बॉस्टनमध्ये अर्नेस्ट अ‍ॅमरी कॉडमन या शल्यचिकित्सकाने विचारला. प्रत्येक रुग्णाचा उपचारानंतर पुरेसा काळ पाठपुरावा करावा, अंतिम परिणाम नोंदवावा आणि उपचार अयशस्वी झाला असल्यास त्याचे कारण शोधून ते जाहीर करावे, असा त्यांचा आग्रह होता. १९१४ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील पदाचा त्याग केला. १९११ ते १९१६ या काळात स्वतःच्या लहानशा रुग्णालयातून घरी पाठविलेल्या ३३७ रुग्णांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केल्या. समव्यावसायिकांनी मात्र त्यांचे अनुकरण केले नाही. कॉडमन यांच्यामुळे पुढे आलेला प्रश्न उत्तरदायित्वाचा होता : मोजणीचा निष्कर्ष कोणासमोर ठेवायचा?

२. आरंभीच्या शस्त्रक्रिया आणि यशाची व्याख्या (१९३८-१९५५)

२६ ऑगस्ट १९३८ रोजी बॉस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या एका मुलीच्या हृदयाजवळील, जन्मानंतरही उघडी राहिलेली रक्तवाहिनी यशस्वीरीत्या बांधली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी रक्तातील प्राणवायूच्या कमतरतेने निळसर पडणाऱ्या एका बालिकेवर शस्त्रक्रिया केली. या शस्त्रक्रियेची कल्पना बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांची होती, तर तिचे तंत्र प्रयोगशाळेत सिद्ध करण्यात व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय साहाय्यकाचा वाटा मोठा होता. ही घटना बालहृदयशल्यचिकित्सेच्या इतिहासात युगप्रवर्तक मानली जाते आणि ते योग्यच आहे. तथापि, ती पहिली बालिका पुढील वर्षीच मरण पावली, हेही या इतिहासाचाच भाग आहे. शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांनी गणना केली तर ती 'यशस्वी' ठरते. एका वर्षाने केली तर ठरत नाही. यशाची व्याख्या कालमर्यादेवर अवलंबून असते, ही बाब अशा रीतीने आरंभीच दृष्टोत्पत्तीस आली.

हृदय उघडून आतील दोष दुरुस्त करण्याचा काळ १९५० नंतर सुरू झाला. मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलहाय यांनी मार्च १९५४ पासून एक विलक्षण पद्धती अवलंबिली. बालकाचे रक्ताभिसरण आईच्या अथवा वडिलांच्या रक्ताभिसरणाशी जोडून त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. अशा ४५ रुग्णांपैकी २८ जण जगून घरी गेले. मार्च १९५५ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये जॉन कर्कलिन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने शस्त्रक्रियांची मालिका सुरू केली, तेव्हा पहिल्या आठ रुग्णांपैकी चार दगावले. आजच्या मापाने हे आकडे भयावह आहेत. त्या काळी मात्र तुलना दुसऱ्या रुग्णालयाशी नव्हती, तर शस्त्रक्रियेविना ओढवणाऱ्या मृत्यूशी होती. जेथे पर्यायच नव्हता, तेथे पन्नास टक्के मुले वाचणे हीच क्रांती होती. याच कर्कलिन यांनी पुढे शस्त्रक्रियांच्या परिणामांच्या संख्याशास्त्रीय विश्लेषणाचा पाया घालण्यात मोलाची भूमिका बजावली, हे लक्षणीय आहे.

आद्यप्रवर्तकांच्या या काळाने एक वारसा मागे ठेवला. नवीन शस्त्रक्रियेत आरंभी मृत्यू होणारच, अनुभवाने ते कमी होतील, ही धारणा व्यवसायात रुजली. ती निराधार नव्हती. परंतु पर्याय उपलब्ध झाल्यावरही ती तशीच टिकून राहिली, तेव्हा तिचे रूपांतर समर्थनात झाले.

३. एकाच शस्त्रक्रियेच्या दोन कहाण्या

महाधमनी व फुप्फुसधमनी यांची जागा जन्मतःच परस्परांत बदललेली असणे हा एक गंभीर दोष आहे. त्यावर १९६० च्या दशकापासून प्रचलित असलेल्या शस्त्रक्रियेत हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील रक्तप्रवाहाची दिशा बदलली जात असे. त्यात तात्कालिक धोका कमी होता. परंतु मूल मोठे झाल्यावर हृदयाची गती व शक्ती यांसंबंधी अडचणी उद्‌भवत. ब्राझीलमधील आदिब जातेने यांनी १९७५ मध्ये दोन्ही धमन्या कापून त्या योग्य जागी जोडण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. दीर्घकालीन दृष्टीने ती सरस होती. परंतु तिच्यात हृदयाला रक्त पुरविणाऱ्या अतिसूक्ष्म वाहिन्याही स्थलांतरित कराव्या लागत. साहजिकच नव्याने शिकणाऱ्या शल्यचिकित्सकाच्या हातून आरंभी अधिक मुले दगावण्याची शक्यता होती. भावी पिढीच्या हिताची किंमत आजच्या बालकाने मोजावी काय, हा नैतिक पेच या संक्रमणात दडलेला होता.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील मार्क द लेवाल यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने असाधारण आहे. एका शल्यचिकित्सकाने नवजात बालकांवर ओळीने केलेल्या अशा १०४ शस्त्रक्रियांचे त्यांनी विश्लेषण केले. पहिल्या ५२ शस्त्रक्रियांत एकच मृत्यू झाला होता; त्यानंतर ५३ ते ६८ या क्रमांकांच्या रुग्णांमध्ये मात्र मृत्यूंचा पुंजका आढळला. हा दैवयोग की कौशल्यातील घसरण? कारखान्यातील उत्पादनाच्या गुणवत्ता नियंत्रणासाठी वापरली जाणारी संचयी आलेखाची पद्धत त्यांनी येथे उपयोजिली. प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर आलेख पुढे सरकतो आणि अपयशांची संख्या अपेक्षेपेक्षा वाढू लागली की तो धोक्याची रेषा ओलांडतो. वर्षअखेरच्या सरासरीची वाट पाहावी लागत नाही. या काळात कमी मृत्युदर असलेल्या दुसऱ्या केंद्राकडून पुनःप्रशिक्षण घेण्यात आले आणि निकाल सुधारले. स्वतःच्या अपयशाची अशी जाहीर चिकित्सा व्यवसायात विरळाच होती. कॉडमन यांची अपेक्षा ऐंशी वर्षांनंतर येथे पूर्ण झालेली दिसते.

नेमक्या याच वर्षांत लंडनपासून फार दूर नसलेल्या ब्रिस्टल शहरात याच शस्त्रक्रियेची दुसरी कहाणी घडत होती.

४. ब्रिस्टल : आकडे होते, वाचक नव्हता

१९८४ मध्ये ब्रिटिश शासनाने नवजात व अर्भक हृदयशस्त्रक्रियांसाठी जी विशेष केंद्रे निश्चित केली, त्यांत ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीचा समावेश होता. या केंद्रात शस्त्रक्रियांची संख्या कमी होती. बालहृदयरोगतज्ज्ञ एका इमारतीत आणि हृदय उघडून करावयाच्या शस्त्रक्रिया दुसऱ्या इमारतीत, अशी व्यवस्था होती. १९८८ मध्ये तेथे रुजू झालेले भूलतज्ज्ञ स्टीफन बॉल्सिन यांना शस्त्रक्रिया अधिक वेळ चालतात व अधिक बालके दगावतात, असे जाणवू लागले. त्यांनी शंका उपस्थित केल्या, पुढे सहकाऱ्याच्या मदतीने आकडेवारी जमविली. वर्षामागून वर्षे गेली. नवजात बालकांवरील धमनी-अदलाबदलीची शस्त्रक्रिया १९९३ मध्ये तेथे थांबविण्यात आली. मोठ्या बालकांवर ती चालू राहिली. जानेवारी १९९५ मध्ये अशाच एका बालकावरील नियोजित शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरांची बैठक झाली. आक्षेप नोंदविले गेले, तरीही दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि ते बालक दगावले. त्यानंतर बाहेरील तज्ज्ञांना पाचारण करण्यात आले. त्यांपैकी एक होते मार्क द लेवाल.

१९९८ मध्ये जनरल मेडिकल कौन्सिलने ५३ शस्त्रक्रियांची छाननी केली. त्यांतील २९ बालके मरण पावली होती. दोन शल्यचिकित्सक आणि स्वतः डॉक्टर असलेले रुग्णालयाचे मुख्याधिकारी हे गंभीर व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल दोषी ठरले. त्यानंतर प्रा. इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी झाली. ५७७ साक्षीदारांचे पुरावे घेण्यात आले; त्यांत २३८ पालक होते. जुलै २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने १९८ शिफारशी केल्या. १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालील बालकांचे ३० ते ३५ मृत्यू त्या काळच्या सर्वसाधारण केंद्राच्या तुलनेत अधिक होते, असा निष्कर्ष अहवालात आहे. हृदय उघडून शस्त्रक्रिया झालेल्या बालकांपैकी सुमारे एकतृतीयांश बालकांना मिळालेली शुश्रूषा पुरेशा दर्जाची नव्हती, असेही त्यात नमूद केले आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या अहवालातील सर्वांत महत्त्वाची बाब निराळीच आहे. ब्रिस्टलमध्ये आकडेवारीचा तुटवडा नव्हता. शल्यचिकित्सकांच्या स्वतःच्या नोंदवह्या होत्या. केंद्राचे वार्षिक तपशील वरिष्ठ यंत्रणेकडे जात होते. हृदयशल्यचिकित्सकांच्या व्यावसायिक संघटनेची राष्ट्रीय नोंदवही १९७७ पासून अस्तित्वात होती. शासनाच्या आरोग्यसेवेची रुग्णनिहाय आकडेवारीही होती. परंतु संघटनेच्या नोंदवहीत केंद्रांची नावे गुप्त ठेवली जात. शासकीय आकडेवारीवर डॉक्टरांचा विश्वास नव्हता. वरिष्ठ यंत्रणा शस्त्रक्रियांची संख्या पाहत असे, परिणाम पाहणे हे व्यावसायिक संघटनेचे काम समजत असे. आणि संघटना ते शासनाचे काम समजत असे. प्रत्येकाच्या कपाटात आकडे होते. ते वाचण्याचे कर्तव्य मात्र कोणाचेच नव्हते. ज्या पालकांनी संमतिपत्रावर स्वाक्षऱ्या केल्या, त्यांच्यापर्यंत या केंद्राचे निकाल पोहोचण्याची तर कोणतीच सोय नव्हती.

बदल घडल्यावर काय झाले, याचे उत्तरही आकड्यांतच मिळते. २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, एक वर्षाखालील बालकांच्या हृदय उघडून केलेल्या शस्त्रक्रियांतील मृत्युदर ब्रिस्टलमध्ये १९९१-९५ या काळात २९ टक्के होता. तो १९९९-२००२ या काळात ३ टक्क्यांवर आला. याच काळात अन्य केंद्रांतील मृत्युदरही १२ टक्क्यांवरून ४ टक्क्यांपर्यंत घसरला. अर्थात सर्वत्रच शास्त्र प्रगत झाले होते. परंतु ब्रिस्टलमधील घसरण इतकी तीव्र आहे की, तेथील आधीचे मृत्यू केवळ दोषांच्या गांभीर्यामुळे झाले, हे समर्थन टिकत नाही.

५. पडताळणी आणि काठिण्याचे मोजमाप

ब्रिस्टलनंतर दोन दिशांनी काम झाले. पहिली दिशा नोंदींच्या सत्यतेची. ब्रिटनमध्ये २००० पासून जन्मजात हृदयविकारांवरील सर्व उपचारांची राष्ट्रीय नोंद सुरू झाली. तिचे वैशिष्ट्य असे की, रुग्णालयाने कळविलेल्या मृत्यूंवर विसंबून न राहता राष्ट्रीय मृत्युनोंदणीशी प्रत्येक रुग्णाची नोंद जोडून पाहिली जाई. पहिल्या वर्षाच्या माहितीत तीस दिवसांच्या आत झालेल्या १९४ मृत्यूंपैकी ४२ मृत्यू केवळ या मध्यवर्ती पडताळणीमुळे उघडकीस आले. म्हणजे सुमारे एकपंचमांश मृत्यू रुग्णालयांच्या स्वतःच्या माहितीत नव्हते. यामागे लपवाछपवीच असली पाहिजे, असे नाही. मूल घरी जाऊन वा दुसऱ्या रुग्णालयात दगावले, तर ते मूळ केंद्रास कळत नसे. परंतु हेतू कोणताही असो, अशा अपूर्ण अंशावर काढलेला मृत्युदर सदोषच ठरतो.

दुसरी दिशा तुलनेच्या न्याय्यतेची. ती समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण पाहू. 'अ' या केंद्रात शंभर शस्त्रक्रियांपैकी ९० सोप्या व १० कठीण आहेत. 'ब' या केंद्रात प्रत्येकी ५० आहेत. सोप्या शस्त्रक्रियेत एक टक्का व कठीण शस्त्रक्रियेत वीस टक्के मृत्यू अपेक्षित मानले, तर 'अ' मध्ये सुमारे ३ आणि 'ब' मध्ये १० ते ११ मृत्यू अपेक्षित ठरतात. प्रत्यक्षात 'अ' मध्ये ४ व 'ब' मध्ये ८ मृत्यू झाले, तर वृत्तपत्रातील मथळा 'ब' ला दुप्पट धोकादायक ठरवील. वस्तुतः अपेक्षेपेक्षा सरस कामगिरी 'ब' चीच आहे. असा मथळा पुनःपुन्हा प्रसिद्ध झाला, तर 'ब' मधील शल्यचिकित्सक कठीण रुग्ण नाकारू लागतील आणि ज्या बालकांना शस्त्रक्रियेची सर्वाधिक गरज आहे, तीच तिच्यापासून वंचित होतील.

जन्मजात हृदयदोषांच्या क्षेत्रात ही अडचण अधिकच बिकट आहे. येथे शस्त्रक्रियांचे प्रकार शेकड्याच्या घरात आणि प्रत्येक प्रकारातील रुग्ण मात्र मोजके. त्यामुळे सुरुवातीस तज्ज्ञांच्या मताचाच आधार घ्यावा लागला. बॉस्टनमधील कॅथी जेन्किन्स व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये शस्त्रक्रियांची जोखमीनुसार सहा गटांत विभागणी प्रसिद्ध केली. २००४ मध्ये फ्रान्स्वा लाकूर-गाये व त्यांच्या आंतरराष्ट्रीय सहकाऱ्यांनी अ‍ॅरिस्टॉटलच्या नावाने गुणांकन पद्धती मांडली. २००९ मध्ये मात्र अमेरिका व युरोपातील नोंदवह्यांतील ७७,२९४ शस्त्रक्रियांच्या प्रत्यक्ष परिणामांवरून १४८ प्रकारच्या शस्त्रक्रियांचे पाच गट निश्चित करण्यात आले. तज्ज्ञांच्या मताकडून अनुभवसिद्ध पुराव्याकडे झालेला हा प्रवास जेमतेम सात वर्षांचा आहे. ब्रिटनमध्ये पुढे 'प्रेझ' या नावाची पद्धती आली. तिच्यात शस्त्रक्रियेच्या प्रकारासोबत बालकाचे वय, वजन, निदान व अन्य आजार यांचाही विचार होतो आणि प्रत्येक केंद्राची तुलना दुसऱ्या केंद्राशी न होता त्याच्याच रुग्णांच्या अपेक्षित परिणामाशी होते.

तरीही लहान संख्यांची मर्यादा उरतेच. एखाद्या शस्त्रक्रियेत दहा टक्के धोका आहे आणि सर्व केंद्रे सारखीच कुशल आहेत, असे मानू. प्रत्येक केंद्राने वीस शस्त्रक्रिया केल्या, तर गणिताने साधारणपणे दर आठांपैकी एका केंद्रात एकही मृत्यू होणार नाही आणि जवळजवळ तितक्याच केंद्रांत चार किंवा अधिक मृत्यू होतील. पहिल्याचा सत्कार आणि दुसऱ्याची चौकशी, दोन्ही अनाठायी ठरतील. येथे 'दैवयोग' या शब्दाला खरा शास्त्रीय अर्थ आहे. आणि ब्रिस्टलमध्ये याच शब्दाचा आडोसा घेतला गेला, हेही विसरता येत नाही.

६. लीड्स : आकडा वाचण्याची घाई

ब्रिस्टलचा धडा एकांगी रीतीने घेतल्यास काय होते, हे मार्च २०१३ मध्ये लीड्स शहरात दिसून आले. त्या काळात इंग्लंडमधील बालहृदयशस्त्रक्रिया केंद्रांची संख्या कमी करण्याचा वाद शिगेला पोहोचला होता. लीड्स हे बंद करावयाच्या केंद्रांपैकी एक होते आणि ती निर्णयप्रक्रिया नुकतीच न्यायालयात टिकाव धरू शकली नव्हती. अशा वातावरणात प्राथमिक आकडेवारीवरून लीड्समधील मृत्युदर अधिक असल्याची शंका व्यक्त झाली आणि तेथील बालहृदयशस्त्रक्रिया तडकाफडकी स्थगित करण्यात आल्या. बालकांना अन्यत्र हलवावे लागले. लवकरच निदर्शनास आले की, केंद्राने पाठविलेल्या माहितीत बालकांच्या वजनासारख्या महत्त्वाच्या नोंदी अपुऱ्या होत्या. वजन माहीत नसेल तर जोखीम-समायोजन करणारे सूत्र अत्यवस्थ बालकालाही कमी धोक्याचे समजू शकते. फेरपडताळणीनंतर एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया पुन्हा सुरू झाल्या.

ब्रिस्टलमध्ये पूर्ण आकडे वर्षानुवर्षे कोणी वाचले नाहीत. लीड्समध्ये अपूर्ण आकडे काही दिवसांत वाचले गेले. परंतु या दोन चुका समान मानता येणार नाहीत. पहिलीची किंमत बालकांच्या प्राणांनी मोजली गेली. दुसरीची किंमत गैरसोय, भीती व अविश्वास यांच्या रूपाने. संशय आल्यावर थांबणे हे संशय दडपण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्करच होय. तथापि, नोंद अपुरी ठेवणे हासुद्धा गुणवत्तेतील दोष आहे, हे लीड्सने दाखवून दिले. ज्या लिपिकाने वा परिचारिकेने वजनाचा रकाना भरावयाचा, त्यांचे कामही अशा रीतीने शस्त्रक्रियेच्या मूल्यमापनाचा भाग ठरते.

७. मृत्यूपलीकडील परिणाम

ब्रिटनमध्ये आता शस्त्रक्रियेनंतर तीस दिवस जगणाऱ्या बालकांचे प्रमाण सुमारे ९८ टक्के आहे. मृत्यू इतके विरळ झाल्यावर केवळ त्यांच्या गणनेने केंद्राकेंद्रांतील फरक ओळखणे दुरापास्त होते. म्हणून लक्ष वेधले गेले ते जगलेल्या मुलांकडे. बॉस्टनमध्ये १९८८ ते १९९२ या काळात १७१ अर्भकांवर धमनी-अदलाबदलीची शस्त्रक्रिया करताना मेंदूच्या संरक्षणाच्या दोन पद्धतींची तुलना सुरू झाली आणि या मुलांचा पाठपुरावा पौगंडावस्थेपर्यंत करण्यात आला. वाचलेल्या मुलांपैकी अनेकांना पुढे अध्ययन, अवधान व सूक्ष्म हालचाली यांबाबत अडचणी येतात, हे त्यातून पुढे आले. तीस दिवसांच्या हिशोबात ही सर्व मुले 'यशस्वी' याच रकान्यात होती.

कारणमीमांसेची कक्षाही रुंदावली. २००० मध्ये द लेवाल व सहकाऱ्यांनी १६ केंद्रांतील २४३ शस्त्रक्रियांचे प्रत्यक्ष निरीक्षण प्रसिद्ध केले. एखाद्या मोठ्या चुकीइतकाच शस्त्रक्रियागृहातील लहानसहान अडथळ्यांच्या बेरजेचाही परिणामाशी संबंध असल्याचे त्यात दिसून आले. त्यामुळे गुणवत्ता ही एका हाताच्या कौशल्याची बाब न राहता संपूर्ण चमूची बाब ठरली.

८. आपल्याकडील संदर्भ

या इतिहासाचा आपल्याशी संबंध कोणता? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करून ज्या विकारांचा शोध घ्यावयाचा, त्यांत जन्मजात हृदयदोषांचा समावेश आहे. राज्याच्या विमा योजनांतूनही गरीब कुटुंबांतील बालकांच्या शस्त्रक्रियांचा खर्च भागविला जातो. ही निःसंशय मोठी प्रगती आहे. अंगणवाडीत वा शाळेत निदान झालेले मूल शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचणे हे काही वर्षांपूर्वी दुर्लभ होते.

परंतु अशा योजनांचे यश बहुधा तपासलेल्या मुलांची संख्या, झालेल्या शस्त्रक्रिया आणि खर्च झालेली रक्कम यांच्या भाषेत सांगितले जाते. ब्रिस्टलची वरिष्ठ यंत्रणाही शस्त्रक्रियांची संख्याच पाहत होती, याचे येथे स्मरण व्हावे. त्याचबरोबर पाश्चात्त्य मोजपट्टी जशीच्या तशी लावणेही अन्याय्य ठरेल. उशिरा झालेले निदान, कुपोषण व जंतुसंसर्ग यांमुळे आपल्याकडील बालक शस्त्रक्रियेपूर्वीच अधिक दुर्बळ असते. बॉस्टनच्या बालरुग्णालयाच्या पुढाकाराने विकसनशील देशांतील केंद्रांसाठी सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात भारतीय केंद्रेही सहभागी झाली. त्यात जोखीम-समायोजित मृत्युदरासोबत जंतुसंसर्गाचीही मोजणी होते. सतरा देशांतील २८ केंद्रांच्या २०१० ते २०१२ या काळातील माहितीत मृत्यू व संसर्ग या दोहोंतही घट झाल्याचे दिसून आले. या सुधारणेची साधने महागडी नव्हती : हातांची स्वच्छता, परिचारिकांना बोलण्याचा अधिकार आणि नियमित नोंद. मर्यादित साधनसामग्री हे न मोजण्याचे कारण होऊ शकत नाही, असा याचा अर्थ होतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मृत्युदर हा आकडा स्वयंसिद्ध नसतो. अंशात कोण, छेदात कोण आणि कालमर्यादा कोणती, हे ठरल्याखेरीज त्याला अर्थ नाही. १८६३ चा वाद आणि २००० नंतरची पडताळणी यांतील मूळ प्रश्न एकच आहे.

२. जोखीम-समायोजनाविना केलेली तुलना सर्वांत दुर्बळ बालकाच्या विरोधात जाते. समायोजन हे डॉक्टरांना दिलेले अभय नसून कठीण शस्त्रक्रियेची वाट खुली ठेवण्याची ती अट आहे.

३. लहान संख्यांमधील दैवयोग खरा असतो. परंतु त्याचा निवाडा ज्याचे काम तपासावयाचे, त्याने एकट्याने करावयाचा नसतो.

४. ब्रिस्टल व ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट यांमधील भेद शल्यकौशल्यापुरता मर्यादित नव्हता. एका ठिकाणी अपयशाची मालिका दिसताच आलेख मांडला गेला व मदत मागितली गेली. दुसऱ्या ठिकाणी आलेख मांडणाऱ्याकडे दुर्लक्ष झाले.

५. गुणवत्तामापन ही म्हणूनच केवळ गणनेची पद्धत नसून ती जबाबदारीची वाटणी आहे. नोंद कोणी करावी, पडताळणी कोणी करावी, निष्कर्ष कोणापुढे ठेवावा आणि शस्त्रक्रिया कोणी थांबवावी, ही चार नावे ज्या व्यवस्थेत आधीच लिहिलेली असतात, तीच व्यवस्था संमतिपत्रावर स्वाक्षरी करणाऱ्या आईवडिलांना खरे उत्तर देऊ शकते. आपल्याकडे बालकांच्या तपासणीचे व शस्त्रक्रियेच्या खर्चाचे उत्तरदायित्व शासनाने स्वीकारले आहे. शस्त्रक्रियेनंतर ते मूल कसे आहे, हे विचारण्याचे उत्तरदायित्वही त्याच यादीत लिहिले जाणे अगत्याचे आहे.